फुंक मारली, आकडा आला. पुढं काय?

मी जळकोटहून बोलतोय. आधीच सांगून टाकतो, लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं जळकोट नव्हे. आपलं तुळजापूर तालुक्यातलं, नळदुर्गच्या पुढं, सोलापूर-हैदराबाद हायवेवरचं जळकोट. दरवेळी कुणीतरी विचारतंच, म्हणून.

आजचा विषय ते हातात मावणारं मशीन. पोलिसांनी गाडी अडवली की तोंडासमोर धरतात, 'फुंक मार' म्हणतात, ते. ब्रेथ अॅनालायझर. तीस डिसेंबरपासून माझ्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न पडायला लागतो: ह्याला चकवायचं कसं? लवंग चघळू का, कांदा खाऊ का, पेपरमिंट चालेल का? याचं उत्तर दोन मिनिटांत देतो आणि मग खऱ्या मुद्द्याकडं जातो.

आपल्याला दारूचा जो वास येतो, तो तोंडाचा. मशीन मोजतं ते फुप्फुसातलं. दारू रक्तात मिसळते, रक्त फुप्फुसात जातं, तिथं थोडं अल्कोहोल हवेत उतरतं. रक्तात जेवढं जास्त तेवढं श्वासात जास्त. हे प्रमाण साधारण २१०० ला १ असं धरतात, म्हणजे २१०० मिलिलिटर खोल श्वासात जेवढं अल्कोहोल, तेवढं १ मिलिलिटर रक्तात. म्हणून तर 'जोरात, अजून, अजून' असं ओरडतात. पहिली हवा तोंडातली असते, ती कामाची नाही. शेवटची, छातीच्या तळातली हवा पाहिजे.

चांगल्या मशीनच्या आत फ्युएल सेल असतो. प्लॅटिनमचे दोन थर, मध्ये आम्ल. अल्कोहोल त्यावर आलं की त्याचं अॅसेटिक आम्ल होतं, म्हणजे आपलं व्हिनेगर, आणि त्यातून बारीक वीज निघते. वीज जेवढी, आकडा तेवढा. आता सांगा, लवंगेचा वास या विजेला काय करणार? काही नाही. उलट माउथवॉशनं गुळणी केली तर त्यातल्या अल्कोहोलमुळं आकडा फुगतो. म्हणून नीट चाचणी घ्यायची तर आधी पंधरा मिनिटं थांबायचं असतं, काही खायचं-प्यायचं नाही. तोंडातलं उडून जातं, छातीतलं राहतं.

आता खरा मुद्दा. हे मशीन नसतं तेव्हा काय असतं, याचा विचार केलाय कधी?

तेव्हा असतो वास. आणि कुणाचं तरी मत. 'साहेब, हा झुलत होता.' 'डोळे लाल होते.' आपल्याच राज्यातला एक जुना खटला आहे, बचूभाई करियानी विरुद्ध महाराष्ट्र शासन, १९७१ सालचा. त्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तोंडाला वास येतो, चाल डळमळीत आहे, बाहुल्या मोठ्या झाल्यात, एवढ्यावरून माणूस दारूच्या नशेत होता असं ठरवता येत नाही. मला हे फार पटतं. नुकताच अपघात झालेला माणूस सरळ चालेल कसा? तो थरथरणारच. आणि वास तर अर्ध्या घोटानंही येतो. वासाला मोजमाप नाही, आणि मोजमाप नसलं की जो वजनदार त्याचंच खरं होतं.

दुसरी बाजू बघा. १९ मे २०२४, पुणे, कल्याणीनगर. पोर्शे कारनं मोटरसायकलला धडक दिली, दोन तरुण इंजिनिअर गेले. वेळ रात्री अडीचच्या आसपास. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता असा आरोप. त्याचं रक्त ससूनमध्ये घेतलं गेलं सकाळी अकराच्या सुमारास. पुढं पोलीस आयुक्तांनीच जाहीर केलं की तो नमुना कचऱ्याच्या डब्यात टाकून दुसऱ्याच माणसाचं रक्त त्याच्या नावानं पाठवलं गेलं. डॉक्टरांना अटक झाली. खटला कोर्टात आहे, कोण दोषी ते कोर्ट सांगेल. त्यावर मी बोलणार नाही.

मी फक्त घड्याळाबद्दल बोलतो. माणसाचं शरीर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागं साधारण १५ मिलिग्रॅम अल्कोहोल संपवतं. कुणाचं थोडं कमी, कुणाचं थोडं जास्त. लिंबूपाणी प्या, थंड पाण्यानं आंघोळ करा, वेग तोच. म्हणजे आठ तासांत १२० मिलिग्रॅम गायब. कायद्याची मर्यादा आहे ३०. १५० असलेला माणूस आठ तासांनी बरोबर ३० वर येतो. नमुना कुणी बदलला नाही, सगळे प्रामाणिक असले, तरी नुसत्या उशिरानं पुरावा उडून जातो.

आणि आपल्याकडं उशीर व्हायला कुणी बेइमान असायला लागत नाही. हायवेवर रात्री दोनला अपघात होतो. आधी जखमी उचलायचे, मग गाड्या बाजूला घ्यायच्या, मग पंचनामा, मग दवाखाना. डॉक्टर एकटे, समोर तीन जखमी. रक्त घ्यायचं कागदी काम वेगळंच. १९५९ चे नियम आहेत त्याचे, फॉर्म आहेत, सील आहे. त्यात एक बारीक गोष्ट मला भारी वाटते: अल्कोहोल तपासायला रक्त घेताना कातडी स्पिरिटनं पुसायची नाही. कारण उघड आहे, पण रात्री तीनला सवयीनं हात स्पिरिटच्या कापसाकडंच जाणार ना! एवढं सगळं जमून यायचं. त्यापेक्षा रस्त्यावर पहिल्या अर्ध्या तासात फुंक घेतली, वेळेसकट पावती छापून निघाली, तर तो आकडा पुढं कुणाला गिळता येत नाही. मोठ्या घरचं पोरगं असो की ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवरचा गडी, दोघांचा आकडा तीच प्लॅटिनमची पट्टी काढते. म्हणून माझं मत सरळ आहे: हे मशीन आपल्या बाजूचं आहे. न पिणाऱ्याच्या तर नक्कीच.

पण हां, मशीन नीट पाहिजे. ज्ञात प्रमाणाचा गॅस सोडून त्याची नियमित तपासणी करावी लागते, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. किराणा दुकानातल्या काट्यासारखंच ते. दरवेळी तोंडाची नळी नवी पाहिजे, तुमच्यासमोर पाकिटातून काढलेली. 'साहेब, नळी नवीन लावा आणि पावती द्या' एवढं शांतपणे म्हणा. आवाज चढवायची गरज नाही.

कायदा थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्यांदा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही. फुंकायला नकार देऊन सुटका होते हा गैरसमज आहे. संशयाला कारण असताना नकार दिला तर अटक होऊ शकते, आणि तो नकार कोर्टात तुमच्याविरुद्ध धरला जाऊ शकतो. त्याच कायद्यात तुमच्यासाठी पण आहे: १८५ खाली अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी झालीच पाहिजे, नाहीतर सोडावं लागतं. बाईचं रक्त पुरुष डॉक्टर घेणार असेल तर दुसरी बाई हजर लागते. हे आपल्या घरातल्या पोरींना माहीत असू द्या.

आता दवाखान्याकडं. इथं मला जरा हळू बोलायचंय.

आमच्या ओळखीचे एक काका, शुगरचे पेशंट, इन्सुलिन घेणारे. एकदा रस्त्याकडंला स्कूटर लावून बसले होते, घामाघूम, बोलताना जीभ अडखळत होती. लोक जमले. 'सकाळी सकाळी टाकलीय' म्हणून हसून निघून गेले. एका पोराला शंका आली, त्यानं शेजारच्या टपरीवरून साखरेचं पाणी आणून पाजलं. दहा-पंधरा मिनिटांत काका ताळ्यावर. शुगर उतरली होती. त्या वेळी कुणाकडं फुंकायचं मशीन असतं तर त्यावर शून्य आला असता, आणि पुढचा प्रश्न आपोआप पडला असता: मग हा असा का करतोय?

शून्याचा हा उपयोग डॉक्टर-नर्सना सगळ्यात मोठा. उलटं पण खरं आहे, आणि ते जास्त धोक्याचं. आकडा आला १२०. माणूस बडबडतोय, मग झोपला. 'उतरेल सकाळी.' पण हा मोटरसायकलवरून पडलाय. डोक्यात रक्तस्राव होत असेल तर? दारू प्यायलेल्या माणसाचं डोकं फुटत नाही असं थोडंच आहे! मशीन अल्कोहोल सांगतं, डोक्याचं सांगत नाही. शुगर तपासणं, बाहुल्या बघणं, दर थोड्या वेळानं हाक मारून उठवणं, हे आकडा कितीही आला तरी करायचंच. तुमचा मित्र असेल तर त्याला कॉटवर टाकून घरी येऊ नका. डॉक्टरांना सांगा, 'पडलाय, डोक्याला लागलंय.' वास लपवायच्या नादात पडल्याचं लपवू नका.

आणि पोलीस वॉर्डात मशीन घेऊन आले तर? कलम २०३ मध्ये स्पष्ट आहे: दवाखान्यात भरती असलेल्याची फुंक घ्यायची तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरला कळवावं लागतं. उपचारात अडथळा येईल असं डॉक्टर म्हणाले तर घेता येत नाही. हा अधिकार ड्युटीवरच्या डॉक्टरचा आहे, नातेवाइकांचा नव्हे. तेव्हा दारात उभं राहून पोलिसांशी भांडू नका.

शेवटचा एक प्रश्न, खूप जणांनी विचारलेला. रात्री घेतली, झोपलो, सकाळी गाडी काढली तर चालतंय का?

हिशोब करू. ६५० मिलिलिटरची ५ टक्क्यांची एक बियर, साधारण २५ ग्रॅम अल्कोहोल. सत्तर किलोच्या माणसाला ढोबळमानानं ५० च्या आसपास नेते. म्हणजे एकाच बाटलीत मर्यादा ओलांडली, स्ट्राँग असेल तर विचारूच नका. आता लग्नाची वरात, रात्री एकला संपलं, आकडा धरा १२०. तासाला १५ वजा करा. दोनला १०५, तीनला ९०, चारला ७५, पाचला ६०. सहाला गजर वाजला, आंघोळ झाली, चहा झाला, डोकं हलकं वाटतंय, सोलापूरला ड्युटी आहे म्हणून गाडीला किक मारली. तेव्हा ४५.