मुखदूषिका : समज आणि उपचार



व्याख्यानास मुरमांचा विषय, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु पेण-रोह्याच्या रानातील काटेसावर आपल्या परिचयाची आहे. तिच्या खोडावरील काट्यांची उपमा सुश्रुतसंहितेने तरुणांच्या चेहऱ्यावरील पुटकुळ्यांना दिली आणि त्यांना 'मुखदूषिका' म्हटले. दुखणे इतके जुने आहे. त्याची लाज मात्र अजून ताजी आहे. मुलगी चारचौघांत यावयास कचरते, आणि वडील माणसे म्हणतात, "तोंड नीट धूत जा!" हा उपदेश आम्हांस अन्यायाचा वाटतो.

कारण मुरूम मळाने येत नाहीत. वयात येताना संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल स्रवतात. केसाच्या मुळाशी असलेले छिद्र मृत पेशींनी बुजते, तेल आत साचते, तेथे मुळातच राहणारे जंतू वाढतात आणि सूज येते. येथे घासून काय होणार? पेणच्या कारखान्यांत कारागीर गणपतीची मूर्ती घासून गुळगुळीत करतात; पण जिवंत त्वचेला तो न्याय लागू नाही. मुरूम घासला किंवा फोडला की सूज खोल जाते आणि खड्डा राहतो. सौम्य साबणाने दिवसातून दोनदा तोंड धुणे पुरे. डोक्यावर चापून घातलेले खोबरेल कपाळावर ओघळू देऊ नये. गोडाधोडाचा अतिरेक काहींना बाधतो. मासळीला दोष देण्यास मात्र सबळ आधार नाही.

मग उपचार कोणता? बेंझॉईल पेरॉक्साइड आणि ॲडापॅलीन ही लावण्याची औषधे वैद्यकीय सल्ल्याने वापरावीत. गुण दिसण्यास 6 ते 8 आठवडे लागतात, चांगला परिणाम दिसण्यास 3 महिने. पंधरा दिवसांत कंटाळणाऱ्यास औषधाला दोष देण्याचा अधिकार नाही. काळे डाग कालांतराने फिकट होतात, खड्डे सहसा आपण होऊन भरत नाहीत. म्हणून विलंब नको. तीव्र विकारात आयसोट्रेटिनॉईनच्या गोळ्या देतात. पण गरोदरपणी त्या गर्भास भयंकर अपाय करतात, म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीवाचून कधीही घेऊ नयेत.

आता खरा धोका सांगतो. शेजारणीने सांगितले म्हणून 'गोरे करणारे' मलम दुकानातून आणले जाते. त्यात पुष्कळदा बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासॉल असे स्टिरॉइड असते. आठवडाभरात लाली ओसरते, चेहरा उजळतो, घरात आनंद होतो. पुढे त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, नव्याने मुरूम येतात. आणि मलम थांबवताच चेहऱ्याची आग होते. म्हणून ते सुटतच नाही! 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे अनुसूची 'एच'मध्ये घातली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. परंतु कायदा दुकानाच्या उंबरठ्यापर्यंत. त्यापुढचा पहारा आपणच केला पाहिजे. नळीवरील नावे वाचा. असे मलम बराच काळ लावीत असाल तर ते एकाएकी न थांबवता त्वचारोगतज्ज्ञांस दाखवा.

आणि घरातील वडीलधाऱ्यांस एक विनंती. त्या मुलाच्या तोंडाकडे पाहण्यापूर्वी त्याच्या डोळ्यांकडे पाहा. मुरूम औषधाने जातील; आपल्या माणसांनी केलेली थट्टा मात्र मनात खड्डा ठेवून जाते, आणि त्यावर आमच्यापाशी मलम नाही.