शाळेचा संगणक आणि आवाजाचा प्रश्न

(वरणगाव येथील शिक्षक-मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



शाळेच्या संगणकास स्वतंत्र साउंड कार्ड बसवावे काय, असा प्रश्न आपणांपैकी अनेकजण विचारतात. प्रश्न लहान दिसतो. परंतु तुटपुंज्या अनुदानातून निघणारे दोन-तीन हजार रुपये लहान नव्हेत.

एके काळी हे कार्ड आवश्यकच होते. १९८१ साली आलेल्या आय. बी. एम.च्या संगणकास आपला असा आवाज म्हणजे केवळ शिटीसारखा स्वर होता. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे ‘साउंड ब्लास्टर’ कार्ड आले आणि घरोघरच्या संगणकांस वाचा फुटली. पुढे १९९७ साली इंटेल कंपनीने त्यासाठी एक सामायिक प्रमाण ठरविले व हळूहळू तेच काम मदरबोर्डवरील एक चिमुकली चिप करू लागली. मनुष्याचा कान सेकंदास फार तर २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकतो. त्यासाठी सेकंदास ४४,१०० नमुने पुरतात, आणि तेवढे आजची साधी चिपही घेते.

मग वर्गात कविता ऐकविताना आवाज फाटतो तो का? बहुधा दोष स्पीकरचा असतो. वाटीएवढा स्पीकर, वर पत्रे आणि समोर चाळीस मुले. तेथे उंची कार्ड जोडल्यानेही वाटीची घागर होत नाही! तोच स्पीकर मोबाईलला जोडून पाहावा. तेथेही आवाज फाटला तर पैसे स्पीकरवरच खर्चावेत. लॅपटॉपचा चार्जर काढताच घरघर थांबत असेल, तर खोट विजेच्या जोडणीत अथवा चार्जरमध्ये आहे; तेथे वायरमनला बोलवावे.

आवाज ऐकविण्यापेक्षा तो टिपण्याचे काम मात्र नाजूक आहे, आणि मला त्याचेच अगत्य अधिक. आपल्या या भागात लेवा गणबोली नांदते. बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. घरच्या माणसांनी त्यांच्या कविता उतरवून ठेवल्या, म्हणून त्या १९५२ साली पुस्तकरूपाने आपल्या हाती आल्या. कागदावर शब्द उतरतो, हेल उतरत नाही. तो हेल आज गावोगावच्या आजीबाईंच्या कंठात आहे, आणि तो मुलांना शाळेच्या संगणकावर टिपता येईल.

येथे अंगच्या चिपची उणीव जाणवते. मायक्रोफोनचा क्षीण विद्युत्प्रवाह संगणकाच्या पोटातील गोंगाटात सापडतो आणि मागे सळसळ उमटते. प्रथम दहा सेकंद नुसती शांतता ध्वनिमुद्रित करून हेडफोनने ऐकावी. सळसळ फार असेल तरीही आत कार्ड बसवू नये. यूएसबीचा मायक्रोफोन घ्यावा. ध्वनीचे अंकांत रूपांतर करणारी यंत्रणा त्याच्याच अंगी असते, म्हणजे जणू साउंड कार्डच बाहेर येऊन बसले! संगणकाचे हेडफोनचे छिद्रच बिघडले असेल, तर काही शे रुपयांचा यूएसबी अ‍ॅडाप्टर पुरतो. अनेक मायक्रोफोन एकाच वेळी लावून भजनी मंडळ ध्वनिमुद्रित करावयाचे असेल, तर गोष्ट निराळी. पण ती हौस शाळेच्या अनुदानातून भागवू नये.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी पंखा बंद ठेवावा, मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूस धरावा. आजीबाईंची संमती घेऊन त्यांचे नाव, गाव व त्या दिवसाची तिथी त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावी, आणि मग जात्यावरची ओवी सुरू करावी.