वेग, उष्णता आणि बर्फ

वेगाच्या विक्रमाची हकीकत सांगताना इंजिनाच्या शक्तीचे वर्णन बहुधा प्रथम येते. किती अश्वशक्ती, किती सिलिंडर, ताशी किती मैल, या आकड्यांनी ऐकणाऱ्याचे मन थक्क होते. परंतु इंजिन शक्तीबरोबर आणखी एक वस्तू निर्माण करीत असते आणि तिचे प्रमाण शक्तीहून कितीतरी अधिक असते. ती वस्तू म्हणजे उष्णता. शक्ती सर्वांना हवी असते, उष्णता कोणालाच नको असते; आणि नको असलेल्या पाहुण्याची व्यवस्था लावणे हेच यजमानाच्या कौशल्याचे खरे काम ठरते.

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेचे ढोबळ मानाने तीन वाटे होतात. एक वाटा चाके फिरवतो. दुसरा वाटा जळालेल्या वायूंबरोबर एक्झॉस्टच्या नळातून बाहेर पडतो. तिसरा सिलिंडरच्या भिंतींत शिरतो व तेथून पाण्यात उतरतो. हे पाणी रेडिएटरमध्ये फिरते आणि समोरून येणारा वारा त्याची उष्णता घेऊन जातो. कसाऱ्याच्या घाटात रस्त्याच्या कडेला थांबलेला, तोंडातून वाफ सोडणारा मालमोटारीचा रेडिएटर ज्याने पाहिला आहे, त्याला ही व्यवस्था बिघडली म्हणजे काय होते हे निराळे सांगावयास नको. तेथे भार मोठा आणि वेग कमी. म्हणून वारा पुरत नाही.

मग ज्या मोटारीला ताशी तीनशे मैलांचा वारा मिळतो, तिला उष्णतेची चिंता कशाला असावी? वस्तुतः चिंता तेथेच सुरू होते. रेडिएटरला वारा द्यावयाचा तर मोटारीच्या तोंडाला भोक ठेवावे लागते, आणि त्या भोकातून आत शिरणारी हवा गाडीला मागे ढकलते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती आठपट होते. साध्या वेगाला जी हवा मित्र असते, तीच तीनशे मैलांना शत्रू बनते. इंजिन थंड ठेवावे तर वेग जातो. वेग राखावा तर इंजिन तापते. विक्रमासाठी मुद्दाम बांधलेल्या मोटारींच्या रचनाकारांपुढचा पेच तो हाच.

अमेरिकेतील यूटा राज्यात बॉनव्हिल येथे मिठाचे विस्तीर्ण, सपाट पठार आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ४,२०० फूट. ३ सप्टेंबर १९३५ रोजी सर माल्कम कॅम्बेल यांनी तेथे आपली ‘ब्लू बर्ड’ मोटार ताशी ३०१ मैलांवर नेली. तिच्यात रोल्स-रॉइसचे विमानी इंजिन होते. हीच जात त्याआधी श्नायडर चषकाच्या शर्यतीतील सागरी विमानांवर बसवलेली होती. त्या विमानांत पंखांची कातडीच रेडिएटर म्हणून वापरली होती. मोटारीला पंख नसतात. म्हणून ब्लू बर्डच्या तोंडाशी झडप बसवण्यात आली. मोजलेल्या मैलात शिरताना चालकाने ती मिटावयाची, म्हणजे तेवढ्या काही क्षणांपुरता हवेचा विरोध घटेल आणि इंजिनही तेवढे सोसून नेईल, अशी योजना होती.

कागदावर ही योजना निर्दोष होती. प्रत्यक्षात झडप मिटताच गाडीतील हवेचा ओघ बदलला. इंजिनाचा धूर चालकाच्या बैठकीत शिरला आणि समोरच्या काचेवर तेलाचा पातळ थर पसरला. ताशी तीनशे मैलांच्या वेगाने जाणाऱ्या मनुष्याला धड श्वास घेता येईना व धड दिसेना. त्या धावेच्या अखेरीस एक टायरही फुटला. कॅम्बेल यांनी गाडी सावरली आणि परतीची धाव पुरी करून विक्रम पदरात पाडला. चालकाची बैठक इंजिनाच्या मागे होती. पुढे जे जे काही जळत होते, गळत होते, तापत होते, त्या सर्वांचा मार्ग त्याच्या तोंडावरून होता. रेडिएटरचा प्रश्न आणि धुराचा प्रश्न हे दोन नसून एकच आहेत, हे त्या झडपेने शिकवले.

त्या ब्लू बर्डची रचना रीड रेल्टन या इंग्रज अभियंत्याची होती. पुढे जॉन कॉब यांच्यासाठी मोटार आखण्याचे काम त्यांच्याकडेच आले. ही ‘रेल्टन स्पेशल’ १९३८ साली तयार झाली. तिच्यात नेपियर लायन जातीची दोन इंजिने होती. प्रत्येकात बारा सिलिंडर, प्रत्येकाची शक्ती सुमारे १,२५० अश्वशक्ती. एकाने पुढची चाके फिरवावयाची, दुसऱ्याने मागची. ही इंजिने पूर्वी एका शर्यतीच्या बोटीत होती. बोटीला थंड पाण्याची वाण नसते. तिच्या तळाखाली सगळे सरोवर पसरलेले असते. मिठाच्या पठारावर मात थेंबभर पाणी मिळावयाचे नाही. जे लागेल ते बरोबर न्यावयाचे.

रेल्टन यांनी रेडिएटरच काढून टाकला. मोटारीच्या तोंडाला त्यासाठी भोक ठेवण्याचे कारणच उरले नाही. त्याऐवजी गाडीच्या पोटात सुमारे ७५ गॅलनची टाकी बसवून तिच्यात बर्फ भरला. इंजिनाचे पाणी त्या टाकीतून फिरत राही. उष्णता वाऱ्यावर सोडण्याऐवजी ती साठवून बरोबर न्यावयाची, असा हा विचार.

याचा हिशेब साधा आहे. एक किलो पाणी एका अंशाने तापवण्यास लागणारी उष्णता एक उष्मांक धरली, तर शून्य अंशावरील एक किलो पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापताना ८० उष्मांक पोटात घेते. पण तेच पाणी बर्फाच्या रूपात असेल, तर नुसते वितळतानाच ते आणखी ८० उष्मांक घेते, आणि तेही तापमान तसूभर न वाढवता. म्हणजे त्याच वजनात बर्फ पाण्याच्या दुप्पट उष्णता गिळतो. ७५ गॅलन पाणी म्हणजे सुमारे ३४० किलो. टाकी पूर्ण बर्फाची मानली, तर ती ५४ हजार उष्मांक सामावून घेईल. इंजिनांच्या पूर्ण शक्तीच्या निम्मी उष्णता पाण्यात उतरते असे धरले, तरी मिनिटाला १३ हजार उष्मांक होतात. चार मिनिटांची बेगमी! नुसते पाणी असते तर ती दोनच मिनिटे पुरली असती. मोजलेला मैल दहा सेकंदांच्या आत संपतो आणि संपूर्ण धावही काही मिनिटांचीच असते. तेवढ्यापुरते जे पुरेसे, तेवढेच बरोबर घ्यावयाचे, हा त्या रचनेतील संयम होय.

पाण्याची सोय झाली. जळालेल्या वायूंची राहिली. दोन इंजिनांच्या चोवीस सिलिंडरांतून निघणारे हे वायू अनेक शतांश तापलेले असतात. त्यांना आत रेंगाळू देता येत नाही. इंधनाच्या व तेलाच्या वाटेपासून ते दूर ठेवावे लागतात. नाहीतर तापलेले इंधन नळीतच वाफ बनते आणि इंजिन उपाशी राहते. पातळ पत्र्याच्या बंद कवचाखाली ही काळजी विशेषच घ्यावी लागते, कारण मोकळ्या गाडीत जी उष्णता वाऱ्याने उडून जाते ती कवचाखाली कोंडते. आणि चालक? रेल्टन यांनी त्याला गाडीच्या अगदी नाकाशी, पुढच्या चाकांच्याही पुढे बसवले. इंजिने त्याच्या पाठीमागे गेली. या जागेची इतरही कारणे असतील, पण धूर आणि तापलेले तेल आता चालकाच्या तोंडावर येण्याचा संभव राहिला नाही, हा तिचा मोठा लाभ होय.

विक्रमाचा नियम असा की तीच वाट दोन्ही दिशांनी, एका तासाच्या आत धावावयाची आणि दोहोंची सरासरी धरावयाची. म्हणजे वाऱ्याचा फायदा कोणास मिळू नये. बर्फाच्या टाकीची खरी परीक्षा या तासात होत असे. पहिली धाव संपली की रेल्टन स्पेशलचे संपूर्ण कवच उचलून बाजूला ठेवले जाई. टायर बदलावयाचे, इंधन भरावयाचे, नवा बर्फ घालावयाचा, आणि हे सारे घड्याळाकडे पाहत. वेगाचे श्रेय चालकाच्या नावावर लिहिले जाते. पण त्या तासातील श्रम ज्यांचे, त्यांची नावे विक्रमाच्या कोष्टकात येत नाहीत.

१५ सप्टेंबर १९३८ रोजी कॉब यांनी ताशी ३५०.२० मैलांचा विक्रम केला. तो एकच दिवस टिकला. कॅप्टन जॉर्ज आयस्टन यांची प्रचंड ‘थंडरबोल्ट’ मोटार तेथेच होती. तिचाही रेडिएटर काढून आत बर्फाची टाकी बसवण्यात आली होती, पुढचे तोंड बंद करून गोलाकार केले होते आणि मागचा उभा पंखही उतरवला होता. १६ सप्टेंबरला तिने ३५७.५० मैल गाठले. प्रतिस्पर्ध्याने आपली युक्ती उचलावी, याहून एखाद्या रचनाकाराला मोठी पावती कोणती मिळणार?

पुढल्या वर्षी कॉब यांनी विक्रम परत घेतला. महायुद्धानंतर, १६ सप्टेंबर १९४७ रोजी, त्याच मोटारीने ३९४.१९ मैलांची सरासरी साधली. एका दिशेने तर ती ४०३ मैलांवर गेली होती. हा विक्रम अधिकृतपणे मोडला तो १९६४ साली, ऑस्ट्रेलियात, माल्कम कॅम्बेल यांचे चिरंजीव डोनल्ड यांच्या हातून; तोही पिस्टनच्या नव्हे, तर टर्बाइनच्या इंजिनाने. थंडरबोल्ट १९४६ साली न्यूझीलंडमध्ये गोदामाला लागलेल्या आगीत नष्ट झाली. रेल्टन स्पेशल मात्र बर्मिंगहॅमच्या विज्ञान-संग्रहालयात उभी आहे.

तीच मोटार एखाद्या घाटात अर्धा तास चालवावयाची म्हटले, तर बर्फ वितळून, पाणी उकळून ती थोड्याच वेळात निरुपयोगी होईल. त्या कामाला कसाऱ्यात वाफ सोडणारी मालमोटारच अधिक लायक. यात रेल्टन स्पेशलचा कमीपणा नाही. उष्णता नाहीशी करता येत नाही. ती कोठे ठेवावयाची आणि किती वेळ ठेवावयाची, एवढेच माणसाच्या हाती असते. आपले काम नेमके किती मिनिटांचे आहे, हे ज्याने आधी प्रामाणिकपणे मोजले, त्यालाच तेवढा बर्फ बरोबर नेणे सुचले.