संगणक कोरा करताना

आपल्या भागाचं नाव एकदा संगणकावर लिहून बघा. वऱ्हाड. यातला अर्धा 'र' म्हणजे डोक्यावरचा रफार नव्हे. तो आडवा, भुवईसारखा 'र' आहे. कैऱ्या, सुऱ्या, शेतकऱ्याला, दुसऱ्याचा, असा तो मराठीत जागोजागी लागतो. हिंदीला त्याची गरज पडत नाही, म्हणून संगणकावर त्याची पहिल्यापासून आबाळच झाली. आजही कुठेकुठे 'वर्हाड' असं छापलेलं दिसतं आणि डोळ्यांत कुसळ गेल्यासारखं होतं.

एका जुन्या संगणकाची हार्ड डिस्क पुसून तिच्यावर विंडोज एक्सपी ही जुनीच प्रणाली पुन्हा बसवली, त्याची ही हकिगत आहे. यात कवीचं काय काम, असं कोणी विचारील. काम या आडव्या 'र'चंच होतं.

पुसदकडचे एक कवी होते, कास्तकारी करणारे. त्यांचा पहिला संग्रह निघाला, वाचला गेला. दुसऱ्याची पानं २००४ साली जुळवून झाली, मुद्रितं तपासून झाली आणि कापसाच्या पैशांनी दगा दिला. छपाई राहिली ती राहिलीच. पुढे ते गेले. कवितांची वही एका पावसाळ्यात छताच्या गळतीखाली सापडून लगदा झाली. उरली एक सीडी. त्यांचा मुलगा ती घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "चाचा, बाबांच्या कविता यात आहेत म्हणतात. पण उघडलं की नुसते डॉलर अन् टक्के दिसतात."

हे का होतं, ते सांगतो. नव्वदीच्या दशकात मराठी संगणकावर आली ती भाड्याच्या घरात राहायला आल्यासारखी. संगणकात अक्षरांसाठी घरं होती दोनशे छप्पन, आणि बहुतेकांवर रोमन अक्षरांचे मालक बसलेले. मग पुण्याच्या श्री-लिपीने, आकृतीने आणि इतर अनेकांनी त्याच घरांत देवनागरीचे तुकडे बसवले. एका घरात काना, एकात वेलांटी, एकात अर्धा 'त'. बरं, प्रत्येकाची मांडणी वेगळी. एकाचा 'क' दुसऱ्याकडे गेला की त्याचा भलताच कोणी व्हायचा. फॉन्ट नसेल तर खालचे मूळ मालक दिसतात, तेच ते डॉलर आणि टक्के. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं प्रमाण १९९१ सालीच ठरलं होतं. पण छपाईच्या धंद्याने त्याची फारशी पर्वा केली नाही. युनिकोडने देवनागरीला स्वतःची एकशे अठ्ठावीस घरं दिली, विंडोज २००० पासून ती खिडकीत दिसू लागली. तरी तालुक्याच्या गावातली जुळवणी पुढे कित्येक वर्षं जुन्याच फॉन्टवर चालली. आपल्या जिल्ह्यातली त्या काळातली किती पुस्तकं, स्मरणिका, दिवाळी अंक अशा फायलींत अडकून पडलेत, त्याची मोजदाद कोणी केलेली नाही.

आता जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक मिळतात. एका हुशार पोराने फायलीतला मजकूर काढून अशा एका परिवर्तकातून मला पाठवला. वाचायला लागलो आणि चक्रावलो. हा पुसदच्या डोंगरातला माणूस, पैनगंगेच्या काठाने वाढलेला. आणि कवितेत पानोपानी दर्या! गुरं दर्यात उतरतात, दर्यातून धूर निघतो. मग उजेड पडला. त्या परिवर्तकाने प्रत्येक आडवा 'र' उचलून डोक्यावर नेला होता. माहूरच्या बाजूच्या साऱ्या दऱ्यांचा समुद्र झाला होता.

तुम्ही म्हणाल, एका फटक्यात सगळे 'दर्या' बदलून 'दऱ्या' करा, झालं. तिथेच खरी अडचण होती. हे कवी आर्णीच्या दर्ग्याच्या उरुसाला जाणारे, रात्र रात्र कव्वाली ऐकणारे. दर्या हा शब्द त्यांना परका नव्हता. काही ठिकाणी त्यांनी समुद्रच लिहिला असणार. आणि एका कवितेत असा एक शब्द होता की दरी म्हणा की समुद्र, दोन्ही अर्थ लागत होते. फक्त कविता वेगळी होत होती. गेलेल्या माणसाच्या तोंडी आपला शब्द घालायचा अधिकार मला नाही, त्याच्या मुलालाही नाही. मूळ पान जसं जुळवलं होतं तसंच बघणं, एवढा एकच मार्ग होता.

पान जुळवलं होतं पेजमेकरमध्ये. तो कार्यक्रम केव्हाच बंद पडला, त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची. आणि फॉन्टचा जो कार्यक्रम वापरला होता त्याला कुलूप होतं. खरोखरचं कुलूप: प्रिंटरची वायर लागते त्या जागी खोचायची डबी. ती असल्याशिवाय कार्यक्रम चालत नसे. आजच्या संगणकाला ती जागाच नसते.

सुदैवाने ज्या ताईंनी पानं जुळवली होती त्या सापडल्या. दुकान बंद करून बरीच वर्षं झालेली. पण संगणक माळ्यावर, आणि कुलपाची डबी, सीड्यांसकट, लुगड्याच्या पेटीत. मला या जपणुकीचं फार कौतुक वाटलं. आमच्याकडे पुस्तकंसुद्धा कोणी अशी जपत नाही.

संगणक सुरू झाला, पण निळ्या पडद्यावर थांबे. व्हायरसने पोखरलेला. दुरुस्तीवाला म्हणाला, पुसून नव्याने बसवा. ताई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "सर, अर्ध्या तालुक्याच्या लग्नपत्रिका आहेत यात. अन् तेरवीच्याही." माणसं गेली, दुकान गेलं; पण त्या डिस्कवर सगळ्यांची नावं होती.

म्हणून आधी डिस्क बाहेर काढून दुसऱ्या संगणकाला जोडली आणि त्यांच्या सगळ्या फायली उतरवून घेतल्या. ज्यांच्याकडे असं काम निघेल त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, घाईने फॉरमॅट करू नका. फॉरमॅट म्हणजे काय? झटपट प्रकारात नुसतं दप्तर कोरं होतं. तलाठ्याकडचा सातबारा फाडला म्हणून शेत नाहीसं होत नाही, ते जागेवरच असतं. पण मग त्यावर नवी प्रणाली बसते, म्हणजे नांगर फिरतो. नांगर फिरलेल्या जागेतलं जुनं पीक परत मिळत नाही.

मग एक्सपीची मूळ सीडी घातली. एफ-आठ दाबून करार मान्य करायचा, जुनी वाटणी काढायची, नवी करायची, पंचवीस अक्षरांची किल्ली भरायची. पडद्यावर आलं, ३९ मिनिटं शिल्लक. त्यातल्या अठराव्या मिनिटाला वीज गेली; शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा यूपीएस मागून आणला होता म्हणून निभावलं. आतला नाण्याएवढा सेल मेला होता, त्यामुळे संगणकाच्या लेखी साल चालू होतं २००२. आम्ही सेल बदलला, पण मला ती तारीख बदलवत नव्हती. देवनागरी नीट दिसावी म्हणून एक्सपीत प्रादेशिक भाषांच्या पानावर एक खूण मुद्दाम करावी लागते, ती ताईंच्या अजून हातात होती. बोटं विसरत नाहीत.

एक गोष्ट मात्र पाळली. या संगणकाला इंटरनेटची वायर लावली नाही. एक्सपीची राखण कंपनीने ८ एप्रिल २०१४ ला थांबवली. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला तेव्हा अपवाद म्हणून एक्सपीसाठी दुरुस्ती दिली गेली, पण अपवादावर घर चालत नाही. आणि विंडोज १० चीही नेहमीची राखण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. म्हणजे आज 'जुनं' कशाला म्हणायचं, हेही दर काही वर्षांनी नव्याने ठरतं.

संध्याकाळी ताईंनी डबी खोचली, फाईल उघडली. पान आलं. उभा काना, आडवा 'र', जिथल्या तिथे. आम्ही छापील कागद काढून एकेक शब्द ताडून पाहिला. बहुतेक ठिकाणी दऱ्या होत्या. दोन कवितांत दर्याच होता. आणि ज्या शब्दावर मी अडलो होतो तिथे दऱ्या होती. मी मनात समुद्र धरून बसलो होतो.

मुलगा कागद हातात घेऊन बराच वेळ वाचत होता. मग त्याने विचारलं, "चाचा, बाबांनी समुद्र पाहिला होता का?" मला माहीत नव्हतं. ताई म्हणाल्या, "नाही. मुद्रितं तपासायला आले तेव्हा मी विचारलं होतं."

संग्रह आता युनिकोडमध्ये पुन्हा जुळवतो आहोत. एका कवितेचं शेवटचं पान सीडीवर नाही. ती तेवढीच छापायची असं ठरलं आहे. लग्नपत्रिका ताईंच्या मुलाने वर्षवार लावायला घेतल्या आहेत.