टायटल इन्शुरन्स इथे कुणी का विचारत नाही?

रामश्टाइनच्या तळामुळे आपल्या कायझर्सलाउटर्नच्या परिसरात अमेरिकन शेजारी पुष्कळ. आपण घर बघायला लागलो की त्यांच्यापैकी कुणीतरी विचारतंच, "टायटल इन्शुरन्स घेतलात ना?" मग आपल्याला वाटतं, काहीतरी राहूनच गेलं.

तिकडे तो लागतो, कारण बहुतेक ठिकाणी सरकारी कचेरी दस्त नोंदवून घेते, पण मालक कोण याची हमी देत नाही. जुन्या दस्तांच्या तपासणीत काही सुटलं तर भरपाई मिळावी म्हणून हा विमा. १८७६ साली फिलाडेल्फियात अशी पहिली कंपनी निघाली. आपल्याकडचा प्रकारही त्याच जातीचा. पुण्यात घर घेताना वकील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो, सूची दोन बघतो. सातबारा तर मुळात महसुलाचा कागद. त्यावर नाव आहे एवढ्यावर कोर्ट मालकी मानत नाही.

जर्मनीत मालकीची नोंद असते ग्रुंटबूखमध्ये, आणि ती सांभाळतं आम्ट्सगेरिश्ट, म्हणजे कोर्ट. पैसे दिले, किल्ल्या मिळाल्या, तरी तुम्ही मालक नाही. या वहीत नाव चढलं की मालक. वहीत चुकून दुसऱ्याचं नाव असेल आणि तुम्ही ते खरं मानून प्रामाणिकपणे खरेदी केलीत, तर कायदा सहसा तुमच्या बाजूने उभा राहतो. म्हणून तो विमा इथे कुणी विचारत नाही.

सही नोटारपुढेच करावी लागते. सहीनंतर नाव चढेपर्यंत काही महिने जाऊ शकतात. त्या काळात मालकाने घर दुसऱ्याला विकू नये म्हणून नोटार वहीत तुमच्यासाठी आगाऊ नोंद करून घेतो, तिचं नाव आउफलासुंग्सफोरमेर्कुंग. ती झाली, बाकीच्या अटी पुऱ्या झाल्या, की पैसे भरा असं नोटारचं पत्र येतं. त्याआधी एक युरोही देऊ नका. 'टोकन' देऊन घर अडकवून ठेवायची आपली सवय इथे फार महागात पडू शकते. ऱ्हाइनलांड-फाल्ट्समध्ये खरेदीवर ५ टक्के कर आहे. तो भरल्याशिवाय नाव चढत नाही.

आता वही वाचायची कशी? पहिल्या भागात मालक, तिसऱ्यात कर्जाचे बोजे. विक्रेत्याच्या बँकेचा जुना बोजा तिथे दिसला तर दचकू नका, तो उतरवायची व्यवस्था करारातच असते. खरी मेख दुसऱ्या भागात. शेजाऱ्याचा तुमच्या अंगणातून जायचा हक्क तिथे असतो. एखाद्या आजींचा आजन्म राहायचा हक्क, वोनरेश्ट, असेल तर घर आजींसकट तुमचं! त्यामुळे उतारा आधीच मागा. वही कुणालाही उघडून बघता येत नाही, पण मालक किंवा नोटार उतारा देऊ शकतो.

नोटार दोघांचाही असतो, तुमचा वकील नव्हे. किंमत वाजवी आहे का, छत गळतं का, हे तो बघत नाही. जुन्या घराच्या करारात दोषांची जबाबदारी विक्रेता बहुधा झटकूनच टाकतो. मसुदा आधी घरी वाचा. जर्मन पुरतं कळत नसेल तर तसं नोटारला सांगा, दुभाषा लागेल. तिथे नुसतं "या, या" म्हणत मान डोलवू नका.

आणि बांधकामावरचं बंधन, बाउलास्ट, ग्रुंटबूखमध्ये नसतं. त्याची यादी बांधकाम खात्याकडे वेगळी असते. सहीच्या आधी तिथेही विचारून घ्या.