सराफ्यातील पाने



मराठीत ‘पान’ हा शब्द मोठा उदार आहे. पोथीचे पान, विड्याचे पान, पंगतीत मांडलेले पान, आणि या सर्वांच्या मुळाशी असलेले झाडाचे पान. ताडपत्रावर ग्रंथ लिहिणाऱ्यांना हे नाते निराळे सांगावे लागले नसते. इंदूरच्या सराफ्यात ते आजही दिसते. दिवसाचा सोन्याचांदीचा व्यवहार आटोपून पेढ्यांची दारे लागली, की त्यांच्याच ओट्यांपुढे खाद्यपदार्थांची दुकाने मांडली जातात. भुट्ट्याचा कीस, हिवाळ्यात तळलेले गराडू आणि शेवटी विडा! इंदूरकरांच्या जिभेला ही गल्ली पाठ आहे. वनस्पतिशास्त्राच्या नजरेने मात्र ती क्वचितच पाहिली जाते.

पान कोणतेही असो, त्याच्यापुढील पेच एकच असतो. पानाच्या त्वचेत पर्णरंध्रे नावाची अतिसूक्ष्म दारे असतात. अन्न तयार करण्यासाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड वायू त्यांतूनच आत येतो आणि त्याच दारांतून पाण्याची वाफ बाहेर निसटते. दार उघडे ठेवावे तर तहान, मिटून घ्यावे तर उपासमार. माळव्यात बहुतेक सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने हा पेच प्रत्येक झाडाला आपापल्या परीने सोडवावा लागतो, आणि त्या उत्तराची खूण पानाच्या घडणीत उमटते.

विड्याचे पान घ्या. नागवेल ही सावलीत व दमट हवेत वाढणारी. महाराष्ट्रात पानमळ्यात शेवरी-पांगाऱ्याच्या आधाराने आणि मध्यप्रदेशात बरेजाच्या छपराखाली तिला जपतात. सावलीत प्रकाश तोकडा, म्हणून पान रुंद. ऊन व वारा यांचे भय थोडे, म्हणून ते कोवळे. ओल्या फडक्यातून काढून ठेवले की थोड्याच वेळात ते मलूल होते, हे पानवाल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

मक्याचा संसार याच्या अगदी उलट, उघड्या शेतातला. त्याच्या पानाच्या वरच्या त्वचेत काही मोठ्या, फुगीर पेशींच्या ओळी असतात. पाणी कमी पडले की त्या आक्रसतात आणि पान लांबीच्या दिशेने सुरळीसारखे गुंडाळले जाते. त्यामुळे उन्हासमोर येणारा पृष्ठभाग घटतो. पाऊस लांबला की ‘मका सुकू लागला’ म्हणून शेतकरी चिंतातुर होतो. ती चिंता रास्तच, परंतु ती सुरळी पिकाची बचावाची धडपडही असते. आतली रचना याहून कौतुकाची आहे. पानाच्या शिरांभोवती हिरव्या पेशींचे जणू कडे घातलेले असते. बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड पकडून या कड्यात पोचवतात आणि तेथे तो दाटीने साठतो. म्हणून पर्णरंध्रे थोडी उघडूनही काम भागते. या क्रियेचा रासायनिक मार्ग हॅच आणि स्लॅक या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९६६ साली उसाच्या पानांवरून मांडला. ज्वारीचाही मार्ग हाच. गव्हाला मात्र ही देणगी नाही, आणि म्हणूनच त्याने हिवाळा पत्करला असावा असे वाटते.

ज्या पळसाच्या पानांचे द्रोण पिढ्यान् पिढ्या वापरले गेले, त्याची रीत तिसरीच. जाड, चिवट पर्णिका, ठसठशीत शिरा आणि खालच्या बाजूस बारीक रेशमी लव. द्रोणात रस्सा ओतला तरी तो तग धरतो तो या घडणीमुळे. परंतु पळसाचा खरा उपाय पान टिकवण्याचा नसून टाकून देण्याचा आहे. हिवाळा सरताना तो निष्पर्ण होतो आणि त्या उघड्या फांद्यांवर केशरी फुले येतात. सागही पाने गाळतो. कण्हेर पाने गाळत नाही. तिची पर्णरंध्रे पानाच्या पाठीवरील केसाळ खळग्यांत दडलेली असतात, त्यामुळे कोरडा वारा त्यांना थेट लागत नाही.

मालवणात जन्मलेले प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर (१८८४–१९६०) यांनी जर्मनीत केलेले संशोधन वायव्य भारतातील अशाच कोरड्या व खारट भूमीतील वनस्पतींविषयी होते. पुण्याच्या संशोधनसंस्थेला त्यांचे नाव आहे. त्या कामाची आठवण मराठीत अभावानेच निघते.

पावलोपावली पाणी असलेला मुलूख, ही माळव्याची जुनी ख्याती. तरीही १९७८ पासून इंदूर नर्मदेचे पाणी उपसून आणत आले आहे. रस्त्याकडेच्या झाडाला ती सोय नाही. बुंध्यापर्यंत फरसबंदी झाली, की पावसाचे पाणी मुळांपर्यंत मुरत नाही. मग शोभेसाठी बारमाही हिरवी, रुंद पानांची झाडे लावली जातात आणि एप्रिलपासून टँकरने जगवली जातात. पळस उन्हाळ्याच्या तोंडी उघडाबोडका दिसतो, म्हणून त्याला अंगणात जागा मिळत नाही. मांडूची गोरखचिंच मूळची आफ्रिकेची; तीही वर्षातील कित्येक महिने बिनपानांची उभी असते, आणि पाऊस येताच तळहाताच्या बोटांसारखी पाने पसरते.