गुत्तीहून निघालेले पत्र

(गणिताच्या अध्यापक-अभ्यासकांच्या वार्षिक अधिवेशनात दापोली येथे केलेले स्वागताध्यक्षीय भाषण)



स्वागताध्यक्षाने आरंभी आपल्या अपात्रतेचा उच्चार करावा अशी आपल्याकडे वहिवाट आहे, आणि बहुतेक स्वागताध्यक्ष ती विनयापोटी पाळतात. माझ्या बाबतीत मात्र तो विनय नसून वस्तुस्थितीचे निवेदन आहे. ज्याने आपली सारी उमेद महसूल खात्याच्या दप्तरात खर्ची घातली, ज्याचा गणिताशी आलेला संबंध जमाबंदीच्या बेरजा, तगाईची बाकी आणि एकर-गुंठ्यांची क्षेत्रे ह्यांच्या पलीकडे कधी गेला नाही, आणि ज्या बेरजांखाली त्याने सही केली त्याही मुळात तलाठ्यांनीच केलेल्या होत्या, अशा माणसाला आज आपल्या स्वागतासाठी उभे करण्यात आले आहे. येथील गणिताचे प्राध्यापक ही विनंती घेऊन मजकडे आले तेव्हा मी म्हटले, "अहो सर, अपूर्णांकांच्या पुढचे मला काही येत नाही." त्यावर ते शांतपणे उत्तरले, "रावसाहेब, गणित आमचे आम्ही पाहू. आपण बंदोबस्त पाहा." बंदोबस्त हा शब्द कानी पडल्यावर मामलेदार कचेरीत केस पिकविलेल्या माणसाच्या तोंडून नकार कसा निघावा?

काम अंगावर घेतल्यावर, ज्या मंडळींची आपण सरबराई करणार त्यांची पूर्वपीठिका तरी ठाऊक असावी, ह्या हेतूने मी प्राध्यापकांकडून काही पुस्तके आणवून वाचली. आणि त्या वाचनात मला जो शोध लागला त्यामुळे येथे उभे राहण्याचा माझा संकोच पुष्कळच कमी झाला. ह्या देशात गणितज्ञांची अखिल भारतीय संस्था स्थापन केली ती कोणा विद्यापीठातील आचार्याने नव्हे, तर आमच्याच महसूल खात्यातील एका डेप्युटी कलेक्टराने. व्ही. रामस्वामी अय्यर हे त्यांचे नाव. आणि त्यांची नेमणूक त्या वेळी जेथे होती ते गाव म्हणजे मद्रास इलाख्यातील गुत्ती, जे मुरारराव घोरपड्यांमुळे मराठी माणसाला इतिहासातून परिचित आहे. ह्या गृहस्थांची अडचण साधी होती. गणिताचे नवे ग्रंथ आणि परदेशी नियतकालिके एकट्याच्या पगारात परवडत नव्हती, हाताशी ग्रंथालय नव्हते, आणि एखादे प्रमेय सुचलेच तर ते ज्याला आनंदाने सांगावे असा माणूस त्या मुक्कामी मिळणे कठीण होते. तेव्हा १९०६ च्या अखेरीस त्यांनी ठिकठिकाणच्या गणितप्रेमी मंडळींना पत्र लिहिले, आणि आपण वर्गणी काढून ग्रंथ व मासिके घेऊ, ती आपसांत टपालाने फिरवू, अशी तजवीज सुचविली. १९०७ च्या एप्रिलात अवघ्या वीस सभासदांनिशी संस्था उभी राहिली. तीच आजची इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी होय. तिचे ग्रंथालय पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात ठेवण्यात आले, १९०९ पासून तिचे स्वतःचे नियतकालिक निघू लागले, आणि तिची पहिली परिषद भरली ती १९१६ साली, मद्रासेस. म्हणजे पहिली नऊ वर्षे ही मंडळी भेटली ती सभागृहात नव्हे, तर टपालवाल्याच्या थैलीत!

त्या थैलीने काय साधले हे आपणासारख्या तज्ज्ञांना मी सांगणे म्हणजे काशीकराला गंगेचा पत्ता सांगण्यासारखे आहे. तथापि आज मागच्या बाकांवर जी शाळकरी मुले बसली आहेत त्यांच्याकरिता ती कथा सांगण्याची परवानगी मी मागतो. रामस्वामी अय्यर पुढे तिरुक्कोयिलूर येथे असताना एक फाटका तरुण त्यांच्याकडे कारकुनाची जागा मागण्यास आला, आणि शिफारसपत्र म्हणून त्याने आपल्या वह्या पुढे केल्या. वह्या चाळल्यावर, ह्या बुद्धीला महसूल खात्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसवून गुदमरवून टाकणे आपल्याच्याने होणार नाही, असे त्या अधिकाऱ्यास वाटले, आणि जागेऐवजी त्यांनी त्या तरुणाला ओळखीची पत्रे देऊन मद्रासेस पाठविले. तेथून तो ज्यांच्यापर्यंत पोहोचला ते रामचंद्र राव हेही नेल्लोरचे कलेक्टर, म्हणजे पुन्हा आमच्याच खात्याचे, आणि ह्याच संस्थेचे सभासद. त्या तरुणाचे नाव श्रीनिवास रामानुजन. १९११ साली संस्थेच्या नियतकालिकात त्यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास त्यांनी वाचकांपुढे एक प्रश्न ठेवला, ज्यात एका वर्गमुळाच्या पोटात दुसरे, दुसऱ्याच्या पोटात तिसरे, अशी न संपणारी उतरंड रचलेली होती. सहा महिन्यांत कोणाचेही उत्तर आले नाही, आणि अखेर उत्तर त्यांनाच द्यावे लागले. ते उत्तर होते केवळ तीन! माझ्यासारख्यालाही उच्चारता यावे असे गणितातले इतके भव्य उत्तर दुसरे नसेल.

सज्जनहो, ही कथा वाचल्यापासून, परिषद कशासाठी भरवावयाची ह्याविषयी माझे एक मत बनले आहे, आणि ते अडाण्याचे मत म्हणून आपण ऐकून घ्यावे. मोठ्या शहरातल्या ज्या विद्वानाच्या शेजारच्याच खोलीत दुसरा विद्वान बसतो, ज्याच्या ग्रंथालयात हवे ते मासिक हात लांबविताच मिळते, त्याला परिषदेची गरज बेताचीच. परंतु जो तालुक्याच्या गावी एकटाच गणित शिकवितो, ज्याने सोडविलेला प्रश्न तपासून पाहील असे त्याच्या घरात, गावात वा कचेरीत कोणी नसते, आणि ज्याला आपली चूकही वर्षानुवर्षे एकट्यानेच बाळगावी लागते, त्याच्यासाठी ही संस्था असते. शोधाची बातमी आता क्षणात जगभर जाते. पण समोर बसून कपाळाला आठी घालणारा आणि मग हळूच मान डोलावणारा माणूस अजून कोणत्याही तारेतून येत नाही. परिषद म्हणजे गुत्तीच्या त्या पत्राचे उत्तर होय. आणि ते उत्तर गुत्तीसारख्याच गावी अधूनमधून पोहोचते करणे, हे परिषदेचे देणे आहे.

ह्याच विचाराने आमच्या प्राध्यापकांनी गेल्या अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी दापोलीचे निमंत्रण पुढे ठेवले. त्या वेळी सभागृहात क्षणभर शांतता पसरली, असे ते सांगतात, आणि ती स्वाभाविक होती. कारण येथे येण्यासाठी खेड स्थानकावर उतरून वळणावळणांचा रस्ता चढावा लागतो, आणि परदेशातून येणाऱ्या पाहुण्याला तो रस्ता समजावून सांगण्यास एखादे प्रमेय समजावून सांगण्याइतकाच वेळ लागतो. कार्यकारी मंडळाने लेखी प्रस्ताव मागविला, आणि जन्मभर इतरांच्या अर्जांवर शेरे मारलेला मी प्रथमच अर्जदाराच्या जागी उभा राहिलो. पहिला मसुदा मोठ्या हौसेने मीच लिहिला होता. त्यात हर्णैचा समुद्र, सुवर्णदुर्ग, आसूदच्या बागा, थंड हवा, सर्व काही होते. तो परत आला तेव्हा समासात चिटणिसांचा शेरा होता: "समुद्र पोहोचला. स्नानगृहे किती?" मंडळी, इतका कर्तव्यतत्पर शेरा मी माझ्या नोकरीतही कधी मारला नाही, हे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या मसुद्यात आम्ही ताळ्यावर आलो. मोठे सभागृह एक, लहान दालने किती. प्रतिनिधी दोनशे आले तर निवास कोठे, आणि अडीचशे आले तर कोठे. वर्गणी किती ठेवावी म्हणजे संशोधक विद्यार्थ्यास जड जाणार नाही, आणि तरीही तूट आली तर ती कोणाच्या पदरात पडणार. निबंधांचे सारांश कोणत्या मुदतीपर्यंत घ्यावे, ते कोणी पारखावे आणि नाकारलेल्यांना कसे कळवावे. ह्या साऱ्याची फर्द तयार झाली. तारखांचा प्रश्न त्याहून बिकट ठरला. पावसाळा बाद, गणपती बाद, शिमगा तर कोकणात विषयच नको. परीक्षांचे महिने अध्यापकांनी बाद केले आणि लग्नसराईचे मुहूर्त कार्यालयांच्या मालकांनी. जे शिल्लक राहिले ते हे जानेवारीचे तीन दिवस. आपणांपैकी काहींनी हापूसविषयी आडून आडून चौकशी केल्याचे माझ्या कानी आले आहे. त्यांना नम्रपणे कळवितो की हे दिवस आंबा खाण्याचे नसून मोहोर पाहण्याचे आहेत.

व्यवस्थेच्या तपशिलात दोनच गोष्टींचा उल्लेख करतो. पहिली गोष्ट फळ्यांची. पडद्यावर चित्रे फेकणारी यंत्रे आम्ही अभिमानाने भाड्याने आणली. परंतु वक्त्यांकडून येणाऱ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच मागणी असे: काळा फळा, मोठा, आणि शक्य असल्यास दोन. युक्तिवाद हा तयार चित्रासारखा दाखवावयाचा नसतो, तो खडूच्या गतीने समोर उलगडावा लागतो, म्हणजे ऐकणाऱ्याला मध्येच हात वर करून "थांबा" म्हणता येते, हे कारण मला नंतर कळले. तेव्हा तालुक्यातील शाळांकडून फळे मागून आणले, सुतार लावून त्यांच्या चौकटी नीट केल्या, आणि अंदाजपत्रकात 'खडू' ह्या सदराला मंजुरी देताना पूर्वी कधी न अनुभवलेले समाधान मला लाभले.

दुसरी गोष्ट रिकाम्या वेळेची. कार्यक्रमपत्रिकेचा पहिला खर्डा मजपुढे आला तेव्हा सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत निबंधावर निबंध लागलेले होते, दोन दालनांत एकाच वेळी. आणि चहाला दहा मिनिटे. ह्यावर आमची चिटणिसांशी बरीच हुज्जत झाली. त्यांचे म्हणणे, इतक्या लांबून आलेल्या कोणाला बोलावयास मिळाले नाही तर तो अन्याय. माझे म्हणणे, इतक्या लांबून आलेल्या सर्वांना केवळ ऐकावयास लावले तर तो अधिक मोठा अन्याय. गावोगावच्या फिरतीत मी एक गोष्ट शिकलो आहे, ती ही की चावडीवरच्या बैठकीत जे निकालात निघत नाही ते पाराखाली विडीकाडीच्या वेळी निघते. अखेर तडजोड झाली. काही निबंध भित्तिपत्रांच्या रूपाने ओसरीत लावले आहेत, चहाला अर्धा तास आहे, आणि उद्याची दुपार संपूर्ण मोकळी आहे. त्या दुपारी मुरूडच्या किनाऱ्यावर जाण्यास गाड्या तयार असतील. तेथे फळा नाही. पण ओहोटीच्या वेळी ओली वाळू मैलभर पसरलेली असते, आणि काठीही कोठे ना कोठे सापडतेच.

मुरूडचे नाव निघाले म्हणून आणखी थोडे सांगतो. लोकमान्य टिळकांचे मूळ गाव चिखलगाव, महर्षी कर्व्यांचे मुरूड आणि रँग्लर परांजप्यांचे मुर्डी, ही तिन्ही गावे ह्याच दापोली तालुक्यातली. आणि ह्या तिघांनीही पुण्यास गणित शिकविले. टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यावर गणिताची जी जागा रिकामी झाली तीवर १८९१ मध्ये कर्वे आले. कर्व्यांच्या आधाराने शिकलेले परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर ठरले, तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय. आणि परत येऊन ते ज्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले त्याच्याच आश्रयास रामस्वामी अय्यरांच्या संस्थेचे ग्रंथ आले. तेव्हा आपली परिषद दापोलीस आली ह्यात परक्या गावी आल्यासारखे काही नाही.

परंतु ह्या तिघांच्या कीर्तीपेक्षा मला त्यांच्यातील एकाची पायपीट अधिक आठवते. कर्वे सतरा वर्षांचे असताना सहावीच्या सरकारी परीक्षेस बसण्यासाठी सोबत्यांबरोबर मुरूडहून साताऱ्यास निघाले. शंभराहून अधिक मैलांची ती वाट, मध्ये सह्याद्रीचा घाट, आणि पायांखेरीज दुसरे वाहन नाही. चार दिवस चालून ते पोहोचले, आणि वय सतरा दिसत नाही, एवढ्या कारणास्तव त्यांना परीक्षेस बसू न देता परत धाडण्यात आले. ज्या अधिकाऱ्याने तो निर्णय दिला त्याने नियमाप्रमाणेच दिला असेल, ह्याविषयी मला शंका नाही. मीही नियमाप्रमाणे असे पुष्कळ निर्णय दिले आहेत, आणि निवृत्तीनंतर झोप न येणाऱ्या रात्री त्यांतले काही मला आठवतात. एका अधिकाऱ्याने मुलाचा चेहरा पाहिला आणि त्याला परत पाठविले. दुसऱ्याने वही पाहिली आणि पुढे पाठविले. दोघांपाशी अधिकार सारखाच होता.

मागच्या बाकांवर बसलेली मुले आज सकाळी दाभोळ, बुरोंडी, आंजर्ले, केळशी येथून एस.टी.ने आली आहेत. आपल्या निबंधांतील एकही ओळ त्यांना कळणार नाही. माझी आणि त्यांची ह्या बाबतीत बरोबरी आहे. पण ह्या तीन दिवसांत त्यांतले एखादे पोर, ओसरीत, चहाच्या रांगेत, वा उद्या वाळूवर, संकोचत आपल्याजवळ येईल आणि एखादी चुरगळलेली वही पुढे करील. त्या वहीत बहुधा काही नसेल. तरीही ती उघडून शेवटच्या पानापर्यंत पाहावी, एवढीच महसूल खात्याच्या एका जुन्या नोकराची आपणांस शिफारस आहे.

आमच्या व्यवस्थेत उणिवा राहिल्या असतील. कोठे पाणी कोमट लागेल, कोठे सोलकढी तिखट लागेल, आणि पहाटेच्या थंडीत एखादी चादर अपुरी पडेल. त्या सर्वांची जबाबदारी माझी, आणि जे नीट झाले त्याचे श्रेय ज्या तरुण अध्यापकांनी, स्वयंसेवकांनी आणि गावातील गृहिणींनी महिनाभर राबून ते केले त्यांचे. परिषदेच्या कार्यास सुयश चिंतून, दापोलीकरांच्या वतीने मी आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.